डोकं तापतं, पाय जळतात, उदासी मात्र नाही

मागच्या अंकात नैराश्याच्या नऊ लक्षणांची यादी छापली (खिन्नता, कशातही गोडी न वाटणं, झोप बिघडणं, भूक बिघडणं, थकवा, स्वतःला दोष देणं, लक्ष न लागणं, मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, मरणाचे विचार) आणि टपाल वाढलं. बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे. यादीत जे आहे ते आमच्या माणसाला नाही, आणि आमच्या माणसाला जे होतंय ते यादीत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडीकडच्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. नावं काढली आहेत. उत्तरं मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या आत्या ५८ वर्षांच्या आहेत. वर्ष झालं, हातापायांची आग होते, टाळू तापते, अंगात ताकद नाही म्हणतात. तीन दवाखाने झाले. आता एका तरुण डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून सांगितलं. आत्या म्हणतात, 'मी काय रडत बसायलोय होय?' खरंच त्या उदास दिसत नाहीत. मग हे निदान बरोबर कसं? (खानापूर तालुका)

आधी त्या आगीचं कारण शरीरात शोधा. तळपायांची आग मधुमेहाने होते, बी-१२ कमी झाल्यानेही होते. साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ घटतं, आणि हे तपासायचं अनेकदा राहून जातं. रक्तातलं हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि क्रिएटिनिन एवढ्या तपासण्या झाल्या आहेत का ते जुन्या फायलीत बघा. ज्या झाल्या असतील त्या पुन्हा करत बसू नका. एक मात्र ध्यानात ठेवा : बी-१२ कमी निघालं म्हणजे नैराश्य नाही असं ठरत नाही. दोन्ही एकाच घरात नांदतात.

आता 'उदास नाही'बद्दल. प्रचलित निकषांप्रमाणे नऊपैकी पाच लक्षणं किमान दोन आठवडे लागतात. त्यांत खिन्नता किंवा कशातही गोडी न वाटणं, यांपैकी एक असलं की पुरतं. म्हणजे खिन्नतेचा मागमूस नसतानाही निदान होऊ शकतं. आत्यांना 'उदास वाटतं का?' असं विचारलंत तर 'नाही' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा : भजनाला शेवटचं कधी गेलात? लोणचं यंदा घातलंत का? नातू मांडीवर येऊन बसला की बरं वाटतं, की 'आईकडे जा' म्हणावंसं वाटतं? पहाटे किती वाजता जाग येते, आणि मग पुन्हा डोळा लागतो का?

अंगाच्या तक्रारी पुढे आणि मनाच्या मागे, हे फक्त आपल्याकडचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या पाहणीत १४ देशांतल्या १५ केंद्रांवर नैराश्याचे ११४६ रुग्ण तपासले होते. बेंगळूरु हे त्यांतलं एक केंद्र. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ६९ टक्के रुग्ण डॉक्टरांकडे फक्त शारीरिक तक्रार घेऊन आले होते. पण नीट विचारल्यावरही मनाचं काहीच न सांगणारे फक्त ११ टक्के निघाले. विचारलं की माणसं सांगतात, न विचारता सांगत नाहीत.

न सांगण्याला कारण असतं. बेंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ८० रुग्णांशी सविस्तर बोलून केलेला एक अभ्यास १९९६ साली आला. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त त्यांना लोकलाजेची धास्ती जास्त, आणि ज्यांच्या तक्रारी अंगाच्या त्यांना ती कमी, असं त्यात दिसलं. पाठ, डोकं सगळ्यांचंच दुखतं, त्याला कोण नावं ठेवणार? मन लागत नाही म्हटलं की मुलीच्या लग्नापर्यंत गोष्ट जाते.

'नसांची कमजोरी' हे आपल्याकडचं लाडकं निदान. त्याचा एक भाऊबंद चीनमध्ये आहे, 'शेन्जिंग श्वायरुओ', आणि तो तिथे पोचला पश्चिमेतून. मूळ 'न्यूरेस्थेनिया' (नसांचा अशक्तपणा) ही संज्ञा १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी लोकप्रिय केली. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८०च्या सुमारास हुनान प्रांतातल्या चांग्शा इथे हे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यांतले ८७ तीव्र नैराश्याच्या निकषांत बसले. पुढे २००८ साली चांग्शा आणि टोरांटो इथल्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा उलटीकडूनही पाहण्यासारखं काही दिसलं : चिनी रुग्ण अंगाबद्दल जास्त बोलत होते हे खरं, पण त्याहून ठळक होता तो कॅनडातल्या लोकांचा मनाबद्दलच बोलण्याचा कल. वेगळे कोण, हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं.

म्हणून आत्यांशी 'आग खरी की डिप्रेशन खरं' असा वाद घालू नका. आग खरीच आहे. 'झोप मोडली त्या दिवशी आग जास्त होते का?' एवढंच विचारा. उपचार सुरू झाल्यावरही गुण येतोय का ते मोजताना आग धरा. नऊच्या यादीत ती नाही म्हणून डॉक्टरांनी कागदावरून खोडली, तर आत्या गोळ्याही सोडतील.

प्रश्न : मी बेळगावात मानसशास्त्रात एम.ए. करते. 'लक्षणांचं जाळं' ही कल्पना वर्गात ऐकली. सीमाभागातल्या मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांची जाळी काढून तुलना करायची आहे. दोन्ही बाजूंचे ४०-४० फॉर्म भरून झालेत. पुढे काय करू?

पुढे आणखी फॉर्म भरा. चाळीसमध्ये हे काम होत नाही.

कल्पना आधी इतर वाचकांसाठी. मलेरियात परजीवी एकच असतो, आणि थंडी, ताप, डोकेदुखी ही त्याची पिलावळ. नैराश्यामागे असा एखादा परजीवी सापडलेला नाही. ॲमस्टरडॅमचे डेनी बोर्सबूम आणि त्यांच्यासोबतचे संशोधक म्हणतात, कदाचित तो नसेलच. लक्षणंच एकमेकांना ओढत असतील. झोप मोडली की थकवा, थकव्याने काम राहिलं की स्वतःला दोष, दोष देत पडलं की पुन्हा झोप नाही. जोडीदार गेलेल्या वृद्धांवरच्या एका विश्लेषणात मृत्यूचा धक्का सगळ्या लक्षणांवर सारखा पडलेला दिसला नाही. तो मुख्यतः एकटेपणावर पडला आणि बाकीची लक्षणं एकटेपणाच्या मागून आली.

लक्षणांची नुसती बेरीज का पुरत नाही, हे साध्या गणितातही दिसतं. नऊपैकी पाच या नियमात बसण्याचे २२७ वेगवेगळे मार्ग निघतात. दोन रुग्णांत एकच लक्षण सामाईक असूनही दोघांचं निदान एकच असू शकतं. अमेरिकेतल्या ३७०३ रुग्णांची लक्षणं जरा बारकाईने मोजली तेव्हा १०३० वेगळे नमुने निघाले (फ्रीड आणि नेसी, २०१५).

आता तुमचं काम. नऊ लक्षणांमध्ये ३६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा धागा बाकी सात लक्षणं स्थिर धरून मोजायचा असतो, कारण थकवा आणि विसराळूपणा एकत्र दिसतात ते दोघंही झोपेला बांधलेले असल्याने असू शकतं. चाळीस माणसांत ३६ धागे मोजायचे म्हणजे जवळजवळ नाणं उडवणं. प्रत्येक भाषेचे किमान काही शे फॉर्म हवेत. मग जाळं टिकाऊ आहे का ते बघा : माणसं थोडी थोडी वगळत तेच गणित पुन्हा पुन्हा करायचं आणि लक्षणांचा क्रम (कोणतं सगळ्यात जास्त जोडलेलं) बदलतो का ते तपासायचं. या स्थिरतेचा आकडा, म्हणजे किती हिस्सा माणसं वगळली तरी क्रम जवळजवळ तोच राहतो तो, ०.२५ च्या खाली गेला तर 'मध्यवर्ती लक्षण अमुक' असं लिहूच नका. ०.५ च्या वर असेल तर बरं.

हमखास होणाऱ्या चुका सांगतो. नऊ लक्षणांच्या गुणांची बेरीज १० च्या वर असलेलेच फॉर्म निवडले तर धागे खोटे होतात. एकूण बेरीज ठरावीकच्या वर हवी म्हटली की एक लक्षण कमी असलेल्याचं दुसरं जास्त असणं भाग पडतं, आणि नसलेला उलटा संबंध दिसू लागतो. कन्नड फॉर्म कॉलेजातून आणि मराठी फॉर्म निपाणीच्या तंबाखू वखारीतून गोळा केलेत, तर जो फरक दिसेल तो वयाचा आणि कष्टाचा असेल, भाषेचा नाही. एका गटाने स्वतः भरला आणि दुसऱ्याला वाचून दाखवला, तरी तेच. आणि एकदाच भरलेल्या फॉर्ममधून धागा दिसतो, बाण दिसत नाही. कोण कोणाला ओढतं ते त्यातून कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र गणिताच्या आधीची आहे. सगळ्यांना तीच नऊ लक्षणं विचारलीत तर सगळीकडे तीच नऊ सापडणार. क्लाइनमन यांनी यावर फार पूर्वी बोट ठेवलंय : एका संस्कृतीत घडवलेलं माप दुसरीकडे नेलं आणि तिथेही काही मापलं गेलं, म्हणून ते माप तिथलं ठरत नाही. जगभरच्या मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात रडू येणं, राग, अंगदुखी आणि माणसांतून उठून जाणं या गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या, आणि त्या नऊच्या यादीत नाहीत. झिंबाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणजे फार विचार करणं. लोक ते दुखणंही मानतात आणि दुखण्याचं कारणही. तिथे विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी स्थानिक बोलीतून १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली बांधली, आणि डिक्सन चिबांडा यांच्या 'मैत्रीचा बाक' या उपक्रमात बाकावर बसून लोकांशी बोलणाऱ्या, शिकवून तयार केलेल्या आज्ज्या तीच वापरतात. तुम्ही 'आग होणं' आणि 'डोक्यात विचार फिरणं' ही दोनच लक्षणं वाढवा. त्याहून जास्त नको, कारण बारा लक्षणं झाली की जोड्या ६६ होतात.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्याकडचा नऊ प्रश्नांचा फॉर्म कन्नडमध्ये आहे, निम्म्या बायका मराठी बोलतात. मी तिथल्या तिथे मराठीत सांगून गुण घालते. चालेल का?

ताई, तुमचं मराठी-कन्नड दोन्ही पक्कं असलं तरी हे टाळा. पीएचक्यू-९, म्हणजे हाच नऊ प्रश्नांचा फॉर्म, तयार मराठीत उपलब्ध आहे, तो आरोग्य केंद्रातून मागवून घ्या. तोंडी भाषांतरात काय घसरतं याची दोन उदाहरणं. कन्नडमध्ये 'बेजार' म्हणजे मन उदास, कंटाळलेलं. मराठीत माणूस 'तापाने बेजार' होतो. तोच शब्द तसाच उचललात तर मराठी बाई गुडघेदुखी आठवून 'हो' म्हणेल. कन्नडमधला 'संकट' पोटातही असतो नि छातीतही, मराठीतलं संकट बाहेरून येतं.

दुसरी घसरण आकड्यांत होते. फॉर्म गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो : अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. 'किती त्रास होतो' असं नाही, 'किती दिवस होतो' असं विचारायचं. 'लई होतंय' हे उत्तर गुण देण्याजोगं नाही. 'मागच्या बाजारापासून या बाजारापर्यंत किती दिवस?' असं विचारा, मग त्याआधीच्या आठवड्याचं.

तिसरी अडचण फॉर्मचीच आहे. झोपेच्या प्रश्नात कमी झोप आणि जास्त झोप एकत्र आहेत, भुकेचंही तसंच, आणि आठव्या प्रश्नात मंदावणं आणि अस्वस्थ येरझारा एकत्र. आकडा एकच लिहायचा, पण शेजारी 'कमी' किंवा 'जास्त' असं पेनाने टिपून ठेवा, डॉक्टरांना ते आकड्याहून उपयोगी पडतं. सातवा प्रश्न पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का असं विचारतो. विड्या वळणाऱ्या बाईला दोन्हींसाठी सवड नसते. छापलेला प्रश्न आधी जसाच्या तसा वाचा, ती गोंधळली तर 'बंडलातल्या विड्या मोजताना हल्ली चुकतं का?' असं पुढे विचारा.

बेरीज ० ते २७ होते. १० आणि त्यावर असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचं. आकडा हे निदान नाही. नुकतंच बाळंतपण झालेल्या बाईची झोप, थकवा आणि भूक बाळामुळेच बिघडलेली असते, तीन प्रश्नांत सहा-सात गुण होऊन जातात. तिथे पहिला (गोडी न वाटणं), दुसरा (खिन्नता) आणि सहावा (स्वतःला दोष) प्रश्न नीट बघा.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. सासू शेजारी बसली असताना तो विचारू नका. तो विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार भरत नाही, ही भीती सोडून द्या. उत्तर ० सोडून काहीही आलं, तर बेरीज चार असो की चोवीस, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. काही योजना ठरवली आहे का, ते सरळ शब्दांत विचारायचं. 'हो' आलं तर तिला एकटीला सोडायचं नाही. घरातली कीटकनाशकं, गोळ्या कुलपात घालायच्या आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची.

प्रश्न : सासऱ्यांना हल्ली राग फार. ताट ढकलतात, मग तास-तास गप्प. वहिनी म्हणतात हे डिप्रेशन. राग हे त्याचं लक्षण कसं असेल? (निपाणी)

मोठ्यांच्या नऊ लक्षणांत राग नाही, लहान मुलांच्या बाबतीत चिडचिड धरतात. तरी वहिनींचा अंदाज उडवून लावू नका. कोरियात 'ह्वाब्युंग' म्हणजे अक्षरशः आगीचं दुखणं : गिळलेला राग, छातीत कोंडलेली उष्णता, पोटाच्या वरच्या भागात गोळा अडकल्यासारखं वाटणं. त्यात राग आणि नैराश्य हातात हात घालून येतात. सासऱ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी बघा : राग अलीकडचा आहे की जन्माचा, दारू वाढली आहे का, आणि नावं, वाटा, हिशेब विसरतात का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. ताट ढकलल्यावर समजावू नका. तासाभराने, ते एकटे असताना विचारा, 'मामा, झोप होतीय का नीट?'

प्रश्न : वय ४१, चिकोडीकडे ऊस आहे. दोन महिने गोळी चालू आहे, थोडं बरं आहे. डॉक्टर विचारतात 'कशाने जास्त होतं?' मला सांगता येत नाही. घरी कसं ओळखू? (शेतकरी)

एक शंभर पानी वही घ्या. रोज सहा रकाने : झोप किती तास, थकवा, मन लागणं, अंगदुखी, डोक्यातलं विचारांचं चक्र (हे चार ० ते १० मध्ये), आणि शेवटी एक ओळ, त्या दिवशी काय घडलं. झोपेचा आकडा सकाळी लिहा, बाकीचे दुपारी जेवणानंतर आणि रात्री आठला. चार आठवडे भरा, चौदा दिवसांत फारसं हाती लागत नाही.

तुमच्याकडे मोटारीला वीज रात्री येत असेल तर पाणी पाजायच्या रात्री वेगळी खूण करा. ती जागरणाची रात्र आहे, निद्रानाशाची नाही. दोन्ही एकत्र मोजलंत तर डॉक्टर झोपेची गोळी वाढवतील आणि तुम्ही बांधावर पेंगाल. तसंच दारू घेतली तो दिवस, ताप आला तो दिवस, गोळी चुकली तो दिवस.

वाचायचं कसं? सगळ्यात कमी झोपेच्या पाच रात्री निवडा आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या थकव्याची सरासरी काढा. सगळ्यात चांगल्या पाच रात्रींचंही तसंच. फरक दोन गुणांहून जास्त असेल तर तुमच्या जाळ्यात झोप थकव्याला ओढतेय असं ढोबळमानाने धरा. मग उलटं करा : विचारांचं चक्र जास्त होतं त्या पाच संध्याकाळी आणि त्या रात्रीची झोप. कोणाला झोपेपासून गाठ बसते, कोणाला विचारांपासून, कोणाला 'आज रानात गेलोच नाही' इथून. शेजाऱ्याची गाठ तुम्हाला लागू पडत नाही.

वही फसते ती दोन कारणांनी. एक, शनिवारी बसून आठवड्याचे आकडे एकदम भरले जातात आणि शनिवारचा मूड सगळ्या दिवसांवर सांडतो. राहिलेला दिवस कोरा सोडा. दोन, घरातले वही वाचतात हे कळलं की आकडे गोड होतात. आकडे लिहिताना विचार उलट वाढायला लागले तर वही बंद करा.

गाठ झोपेपाशी निघाली तर उठण्याची वेळ पक्की करा, पाण्याच्या रात्रीनंतर मात्र दुपारची ठरावीक झोप घ्या. कामं सोडण्यापाशी निघाली तर छोटी, वेळ ठरवलेली कामं परत जोडायची : सकाळी सात वाजता गोठा, मन असो-नसो. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत मुख्यतः हेच केलं. २०१७ साली आलेल्या त्या चाचणीत तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के.

गोळी मनाने थांबवू नका. पूर्ण बरं वाटल्यानंतरही ती निदान सहा महिने चालते, आणि एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, झटके बसल्यासारखं होतं. लोकांना तोच आजार उलटला असं वाटतं.

प्रश्न : कर्नाटकात राहून मराठीत कोणाशी बोलायचं?

टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. फोन लागला की भाषा मराठी हवी म्हणून सांगा. कर्नाटक सरकारच्या 'मनोचैतन्य' योजनेत तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग भरतो. आपल्या तालुक्याचा कोणता मंगळवार ते फोन करून आधी विचारा. दाखल करण्याची वेळ आली तर बेळगावचं जिल्हा रुग्णालय आहे आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिमहान्स, आहे. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर सोबत दुभाषी न्या, पण नवरा किंवा सासू नको. आणि त्या माणसाला आधीच सांगून ठेवा : पेशंट 'डोकं तापायलंय' म्हणाला तर 'डोकं तापायलंय' हेच सांगायचं, 'टेन्शन आहे' असं करून सांगायचं नाही.